पायांची तळमळ, डोपामिनची गोळी आणि बदललेला स्वभाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे. पार्किन्सनच्या (हातापायांना कंप आणणाऱ्या, हालचाली मंद करणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या) आणि 'रेस्टलेस लेग्ज'च्या, म्हणजे रात्री पायांत होणाऱ्या तळमळीच्या, गोळ्या नेणारी माणसं वर्षानुवर्षं त्याच मेडिकलमध्ये येतात. सुरुवातीला "ताई, देवासारखी गोळी मिळाली" म्हणणारे काहीजण पुढे वेगळंच काहीतरी सांगू लागतात, आणि तेही काउंटरवरची गर्दी ओसरल्यावर, हळू आवाजात. खालचे प्रश्न त्यातलेच आहेत. या गोळ्यांचा पायांशी आणि मनाशी असलेला संबंध गोळी सुरू करतानाच रुग्णाला आणि घरच्यांना सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं. इथली उत्तरं समजून घेण्यासाठी आहेत. डोस बदलायचा तो डॉक्टरांशी बोलूनच.

रात्री अंग टेकलं की पायांत सुरू होणारी ही तळमळ म्हणजे नेमकं काय?

पाय दुखतात म्हणावं तर दुखत नाहीत, बधिरही नसतात. पोटऱ्यांच्या आत काहीतरी शिवशिवतंय, वळवळतंय, कुणी आतून ओढतंय असं वाटतं आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार पावलं टाकली की थांबतं, पुन्हा आडवं झालं की पुन्हा सुरू. डॉक्टर चार खुणा बघतात: पाय हलवण्याची अनावर इच्छा, ती बसल्या-पडल्या वाढणं, हालचालीने कमी होणं, आणि संध्याकाळनंतर जोर धरणं. पोटरीत वांब येतो तो प्रकार वेगळा. तिथे स्नायूचा घट्ट गोळा होतो आणि जीव जाईल अशी कळ येते. मधुमेहात तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पण चालल्याने त्या थांबत नाहीत.

इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये या त्रासाचं वर्णन लिहून ठेवलं आणि स्वीडनचे कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. रिपोर्टवर 'विलिस-एकबॉम डिसीज' दिसलं तर तो हाच आजार.

मला पार्किन्सन नाही. मग चिठ्ठीवर पार्किन्सनची गोळी का?

दोन्ही आजारांत डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध येतो, पण वेगळ्या तऱ्हेने. पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. रेस्टलेस लेग्जमध्ये पेशी शाबूत असतात. मेंदूला लोह कमी पडतं आणि डोपामिनचं रोजचं चक्र बिघडतं. गुगलवर गोळीचं नाव टाकून रात्रभर रडलेल्या एका वहिनींना मी हेच सांगितलं होतं: ही गोळी लिहून दिली म्हणजे पार्किन्सन झाला, असा अर्थ होत नाही.

स्ट्रिपवर कंपनीने ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरांत असतं, औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरांत. ते बारीक नाव वाचा. लेव्होडोपा (जोडीला बहुतेक वेळा कार्बिडोपा), प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, आणि कातडीवर चिकटवायचा रोटिगोटीनचा पॅच, ही या गटातली मुख्य नावं. लेव्होडोपाचं शरीरात गेल्यावर डोपामिन बनतं, बाकीची तीन डोपामिनची नक्कल करतात.

अमेरिकेत रोपिनिरोलला २००५ मध्ये आणि प्रॅमिपेक्सोलला २००६ मध्ये पायांच्या या आजारासाठी परवानगी मिळाली. त्यानंतर बरीच वर्षं पहिली गोळी म्हणून हीच लिहिली जायची. डोसात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे. प्रॅमिपेक्सोल पायांसाठी ०.१२५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि सहसा ०.५ च्या वर नेत नाहीत. पार्किन्सनमध्ये तीच दिवसाला ४.५ पर्यंत जाऊ शकते. म्हणून शेजारच्या काकांची स्ट्रिप उसनी घेऊ नका.

पहिली काही वर्षं गोळीने सुखाची झोप लागली. आता चारच्या चहालाच पाय सुरू होतात. आजार वाढला का?

बहुधा गोळीच आजार वाढवते आहे. ऐकायला विपरीत वाटतं, पण हे नीट अभ्यासलेलं आहे आणि डॉक्टर याला 'ऑगमेंटेशन' म्हणतात. पूर्वी रात्री दहाला सुरू होणारी तळमळ आठला, मग सहाला, मग दुपारच्या जेवणानंतर सुरू होते. पूर्वी अर्धा तास बसल्यावर पाय वळवळायचे, आता पाच मिनिटांत. पायांपुरती असलेली गोष्ट हातांत, कधी धडातही शिरते. गोळीचा असर लवकर ओसरतो. माणूस एसटीत बसू शकत नाही, पूजेला मांडी घालू शकत नाही, नाटकाचं तिकीट काढत नाही. एक आजी तर जेवणसुद्धा ओट्याशी उभ्यानेच करायला लागल्या होत्या आणि घरच्यांना वाटलं होतं की त्यांना आता सगळ्यांबरोबर बसणं आवडत नाही.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या अ‍ॅलन आणि अर्ली यांनी १९९६ मध्ये हे पहिल्यांदा व्यवस्थित मांडलं. त्यांच्या पाहणीत रोज लेव्होडोपा घेणाऱ्या रेस्टलेस लेग्जच्या रुग्णांपैकी ८२ टक्क्यांना ऑगमेंटेशन झालं होतं. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोलने ते इतक्या झपाट्याने होत नाही. ५२ आठवड्यांच्या एका मोठ्या चाचणीत (२०१४) रोज ०.५ मिलिग्रॅम प्रॅमिपेक्सोल घेणाऱ्यांत हे प्रमाण ७.७ टक्के होतं, आणि प्रीगाबालीन (डोपामिनच्या गटाबाहेरचं औषध) घेणाऱ्यांत २.१ टक्के. वर्षाला सात-आठ टक्के हा आकडा लहान वाटतो, पण हा आजार दहा-वीस वर्षं सोबत राहणारा आहे आणि दरवर्षी नव्याने कुणी ना कुणी त्यात सापडतं.

निष्कर्ष काढण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या: शरीरातलं लोह कमी झालंय का, आणि मधल्या काळात एखादी नवी गोळी सुरू झालीय का. दोन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे.

डोस वाढवला की महिना-दोन महिने बरं वाटतं. मग थोडा थोडा वाढवत नेला तर?

याच वाटेने माणूस अडकत जातो. वाढवलेला डोस आजचा त्रास दाबतो आणि पुढचा त्रास मोठा करतो. संध्याकाळी लवकर सुरू झालं म्हणून दुपारी एक जास्तीची गोळी, मग सकाळी एक, अशी चढण सुरू झाली असेल तर तिथेच थांबून न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या. जुनी चिठ्ठी दाखवून "एकाऐवजी दोन द्या" म्हणणाऱ्याला मी गोळ्या देत नाही. रागावले तरी चालतील.

मग एकदम बंदच करून टाकतो!

नको. रेस्टलेस लेग्जमध्ये ही गोळी अचानक सोडली की पहिले काही दिवस-रात्री अक्षरशः झोप लागत नाही आणि माणूस घाबरून पुन्हा जास्त डोसवर जातो. मनावर होणारा परिणाम त्याहून मोठा आहे. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल कमी करताना किंवा बंद केल्यावर काहीजणांना जबर घालमेल, छातीत धडधड, घाम, रडू येणं, खोल उदासी आणि त्याच गोळीची तीव्र ओढ असा त्रास होतो. २०१० मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांत याचं वर्णन झालं. त्यावर लेव्होडोपा वाढवून उपयोग होत नाही. घरातली माणसं "मनाने खचला", "नाटकं करतो" म्हणतात तेव्हा तो गोळी सुटण्याचा त्रास असू शकतो.

पार्किन्सनच्या रुग्णाने लेव्होडोपा एकदम थांबवणं तर जिवावर बेतू शकतं: ताप चढतो, अंग कडक होतं, शुद्ध हरपते. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलं म्हणून किंवा गावाला जाताना गोळ्या विसरल्या म्हणूनही हे घडू शकतं. अ‍ॅडमिट करताना गोळ्यांच्या वेळा तिथल्या सिस्टरांना लिहूनच द्या.

कमी करायची तर हळूहळू, आठवड्या-आठवड्याने, आणि शक्यतो दुसरं औषध आधी सुरू करून. किती वेगाने, हे डॉक्टर ठरवतील.

माझे मिस्टर साठीनंतर अचानक मोबाइलवर पैसे लावायला लागले. आयुष्यात कधी पत्ते हातात धरले नव्हते. गोळीचा संबंध असेल?

असू शकतो, आणि विचारलंत ते फार बरं केलंत. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं मेंदूतल्या डी-३ रिसेप्टरवर (डोपामिन जिथे बसून काम करतं अशा एका प्रकारच्या जागांवर) विशेष काम करतात. हव्यास, ओढ, बक्षिसाची आशा यांच्याशी जोडलेल्या भागात हे रिसेप्टर दाट असतात. त्यामुळे काही रुग्णांत एखादी गोष्ट करण्याची इच्छा आवरता येत नाही. कुणी लॉटरी घेत सुटतो, कुणी शेअर बाजारात ऑप्शनचे सौदे करतो. कुणी खरेदी थांबवू शकत नाही. न उघडलेली पार्सलं पलंगाखाली सापडतात. कुणी मध्यरात्री उठून गोड खातं. काहींची कामेच्छा इतकी वाढते की बायकोला तोंड कुठे लपवावं कळत नाही, आणि हे ती कुणालाही सांगू शकत नाही. काहीजण एकच काम तासन्‌तास करत राहतात: रेडिओ उघडून पुन्हा जोडणं, कपाट रात्रभर लावणं, त्याच फाइली पुन्हा पुन्हा चाळणं.

हे गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत दिसू शकतं, काही वर्षांनीही. सगळ्यात अवघड भाग असा की त्या माणसाला स्वतःला त्यात काही चुकतंय असं वाटत नाही, किंवा वाटलं तरी शरमेने तो लपवतो. म्हणून नजर ठेवायची ती घरच्यांनी, आणि डॉक्टरांसमोर तोंड उघडायचं तेही घरच्यांनी.

माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे: चाळीस वर्षं सरळ वागलेला माणूस असा बदलला तर त्याच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याआधी त्याच्या गोळीचं नाव वाचा. डोस कमी केला किंवा औषध बदललं की बहुतेकांचा हा हव्यास ओसरतो. तोवर पैशांचे व्यवहार दोघांच्या सहीने किंवा मुलांच्या नजरेखाली ठेवा, फोनवरची पेमेंटची मर्यादा कमी करून घ्या.

असं किती जणांना होतं?

अमेरिका आणि कॅनडातल्या पार्किन्सनच्या ३०९० रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एकूण १३.६ टक्के रुग्णांत असा एखादा हव्यास आढळला. डोपामिनची नक्कल करणारी औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. पायांसाठी डोस कमी असतो, तरी तिथेही हे घडतं. वय कमी असेल, स्वतःला किंवा घरात कुणाला जुगाराचं-दारूचं व्यसन असेल, तर धोका जास्त. ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नका.

बहिणीला प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढल्यामुळे कॅबरगोलीन दिलंय. तिलाही हे लागू आहे?

हो. कॅबरगोलीन आणि ब्रोमोक्रिप्टीन त्याच कुळातली. चिडचिड, उदासी, न आवरणारी खरेदी असं काही दिसलं तर एंडोक्रिनॉलॉजिस्टना (हार्मोनच्या डॉक्टरांना) सांगा.

बाबा हल्ली फार उदास, भेदरलेले असतात. हे आजाराने की गोळीने?

दोन्ही शक्य आहे, आणि तिसरंही एक कारण आहे. पार्किन्सनमध्ये उदासी आणि चिंता हा आजाराचाच भाग असतो. कधी कधी हात थरथरायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून ती असते. दुसरं म्हणजे गोळीचा उतार. लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही, तासा-दीड तासात निम्मी होते. आजार जुना झाला की पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की शरीर जखडतं आणि त्याबरोबर मनही कोसळतं: भीती दाटते, घाम फुटतो, पाय एका जागी ठरत नाहीत, "मला आता काही होतंय" असं वाटतं. गोळी लागू पडली की अर्ध्या तासात तोच माणूस नातवाशी हसून बोलतो. तिसरं कारण म्हणजे झोप. महिनोन्‌महिने रात्री तीनला घरभर येरझाऱ्या घालणारा कुणीही चिडचिडा आणि हताश होईल.

यातलं कुठलं ते ओळखायला एक साधी वही पुरते. आठवडाभर गोळीची वेळ, जेवणाची वेळ, पाय कधी सुरू झाले आणि मन कधी खाली गेलं, एवढंच लिहा. मन ठरावीक वेळेला, गोळीच्या आगेमागे बदलत असेल तर उपाय गोळीच्या वेळांत आहे. दिवसभर सारखंच काळवंडलेलं असेल तर उदासीवर स्वतंत्र उपचार हवेत. ही वही डॉक्टरांच्या हातात दिलीत तर दहा मिनिटांच्या भेटीत निम्मं काम होतं.

उदासीवर गोळी सुरू केली आणि पायांची तळमळ दुप्पट वाढली!

होतं असं. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, फ्लुऑक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन यांनी काहीजणांच्या पायांची तळमळ वाढते, आणि मिर्टाझापीन त्यात विशेष कुप्रसिद्ध आहे. पण उदासीची गोळी स्वतःहून सोडू नका. उदासी अंगावर काढणं पायांच्या तळमळीहून धोक्याचं आहे. मानसोपचारतज्ज्ञांना पायांबद्दल सांगा. ब्युप्रोपिऑनसारखा पर्याय आहे, त्याने पाय सहसा बिघडत नाहीत.

अ‍ॅसिडिटीच्या, उलटीच्या, चक्करच्या गोळ्यांचा पायांशी काय संबंध?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, म्हणून मीच घातला आहे. आपल्याकडे याचा घोळ फार होतो.

एकदा एका बाईंनी दोन चिठ्ठ्या पुढे केल्या. एकीवर प्रॅमिपेक्सोल, रात्री एक. दुसरी पोटाच्या डॉक्टरांची, वर रॅबेप्रॅझोल आणि लेव्होसल्पिराइडची एकत्र कॅप्सूल, रोज सकाळी उपाशीपोटी, तीन महिने. पहिली गोळी डोपामिनचं काम वाढवणारी, दुसरीतलं लेव्होसल्पिराइड डोपामिनचं काम अडवणारं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नव्हती. बाईंना फोन लावून विचारायला सांगितलं. पोटाच्या डॉक्टरांनी लगेच लेव्होसल्पिराइड नसलेली साधी कॅप्सूल लिहून दिली.

मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझीन या उलटी-मळमळीच्या गोळ्या त्याच जातीच्या. चक्कर आणि अर्धशिशीसाठी दिली जाणारी सिनारिझीन, फ्लुनारिझीन हीदेखील डोपामिन अडवतात. वयस्कर माणसाला ती दीर्घकाळ दिली तर हातापायांना कंप, चालीत मंदपणा आणि उदासी येऊ शकते, आणि मग त्यालाच पार्किन्सन समजून नवी गोळी सुरू होते. सर्दी-खाजेच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते (क्लोरफेनिरामीन, फेनिरामीन, डायफेनहायड्रामीन) त्यांनीही रेस्टलेस लेग्ज उफाळतात. उलटीसाठी पार्किन्सनच्या रुग्णांना बहुधा डॉम्पेरिडोन देतात, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही. हृदयाचा त्रास असेल तर तेही विचारूनच.

डोपामिन अडवणाऱ्या औषधांनी येणारी अस्वस्थता रेस्टलेस लेग्जपेक्षा वेगळी असते. तिला 'अकाथिसिया' म्हणतात. ती रात्रीची वाट बघत नाही, फक्त पायांत नसते आणि चाललं तरी पुरती शांत होत नाही. माणूस उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत राहतो, बसला की लगेच उठतो, आतून कातडी सोलून बाहेर पडावंसं वाटतं म्हणतो. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारख्या मानसिक आजाराच्या औषधांनी ती जास्त येते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आजार बळावला, म्हणून औषध वाढतं आणि तळमळही वाढते. अकाथिसियात आत्महत्येचे विचार येऊ शकतात. नवी गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांत असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आयुर्वेदिक औषध तर निर्धोक असेल ना? झोपेसाठी सर्पगंधा, ताकदीसाठी कवचबीज घेतो.

नेमकी हीच दोन नावं डोपामिनच्या गोष्टीतली मोठी पात्रं आहेत.

सर्पगंधेवरचं काम जगापुढे नेणाऱ्यांत मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील होते. रक्तदाबावरचा त्यांचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला. पुढे तिच्यातून रेसर्पीन वेगळं काढलं गेलं. ते मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी रेसर्पीन देऊन निपचित पडलेल्या सशांना लेव्होडोपा टोचलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनवरच्या उपचाराची वाट त्यातून निघाली, आणि २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळालं. म्हणजे पाय वळवळतात म्हणून झोप नाही आणि झोपेसाठी सर्पगंधा घनवटी, हे उलट दिशेचं औषध झालं. रेसर्पीनने उदासी येते हेही जुनं निरीक्षण आहे.

कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी. त्यात खरोखरीचं लेव्होडोपा असतं. १९३७ मध्ये भारतातच दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते वेगळं करून दाखवलं. ताकदीचं चूर्ण म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या डब्यात ते किती आहे हे चमच्यागणिक बदलतं. आधीच लेव्होडोपा चालू असेल तर तुम्ही नकळत डोस वाढवताय: मळमळ, रक्तदाब उतरणं, भास, हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली, आणि पायांचा आजार असेल तर ऑगमेंटेशन. वैद्यांकडून घेत असाल तर वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांनाही दोन्ही औषधांची नावं सांगा.

हिमोग्लोबिन चांगलं आहे. तरी लोह तपासायचं?

हो, आणि माझ्या मते पायांच्या तक्रारीत पहिली तपासणी हीच. हिमोग्लोबिन बारा-तेरा असूनही साठ्यातलं लोह रिकामं असू शकतं. मेंदूला डोपामिन बनवायला लोह लागतं. रक्तातलं फेरिटिन (साठ्यातल्या लोहाची खूण) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेल्या जाणाऱ्या लोहाची खूण) या दोन तपासण्या सकाळी, आदल्या दिवशी लोहाची गोळी न घेता करतात. लॅबच्या रिपोर्टवर फेरिटिन २० असलं तरी 'नॉर्मल' छापून येतं. पायांच्या आजारात मात्र ७५ किंवा त्याहून कमी फेरिटिन, किंवा २० टक्क्यांहून कमी सॅच्युरेशन असेल तर लोह देण्याचा विचार करतात. ताप, संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. लोह कमी असेल तर ऑगमेंटेशनचा धोकाही जास्त.

आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली होती. तेव्हा "बायकांचे पाय चेपून घ्यायचे लाड" म्हणून सोडून देऊ नका. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, हा त्रास खूप जणींना होतो.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर चालेल. लेव्होडोपा चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लेव्होडोपा नीट शोषलंच जात नाही. गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. आणि तपासणी न करता स्वतःहून लोह सुरू करू नका, जास्तीचं लोह यकृताला बाधतं.

मग आता पायांसाठी पहिलं औषध कोणतं?

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५ मधल्या मार्गदर्शक सूचनांनी चित्र पालटलं. गाबापेंटिन, प्रीगाबालीन आणि लोह कमी असेल तर शिरेतून लोह, यांची त्यांनी ठाम शिफारस केली. लेव्होडोपा, प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, रोटिगोटीन ही सरसकट वापरू नयेत, असं सुचवलं. कारण अर्थात ऑगमेंटेशन. ज्यांचं वर्षानुवर्षं कमी डोसवर नीट चाललंय त्यांनी यावरून घाबरून गोळी सोडायची नाही.

गाबापेंटिन-प्रीगाबालीनही साखरेच्या गोळ्या नव्हेत. गुंगी, तोल जाणं, वजन वाढणं होतं. काहींना उदासी किंवा आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून मनाकडे लक्ष इथेही हवंच. किडनीचा आजार असेल तर डोस कमी लागतो, दम्यासारखा श्वासाचा त्रास असेल तर सांगा.

पार्किन्सन असेल तर डोपामिनची गोळी सोडताच येत नाही. मग मनाचं काय?

सोडता येत नाही, पण बदलता येते. हव्यास दिसला तर नक्कल करणारी गोळी कमी करून लेव्होडोपावर भार देतात. रात्री भास होत असतील, खोलीत मुलं किंवा मांजर दिसत असेल, तर आधी संसर्ग, पाणी कमी पडणं, इतर गोळ्या हे सगळं तपासतात. भासांसाठी हॅलोपेरिडॉल देऊ नये, त्याने शरीर जखडतं. क्वेटियापीन किंवा क्लोझापीनसारखे पर्याय वापरतात. जेवणातल्या प्रथिनांमुळे लेव्होडोपा कमी शोषलं जातं, म्हणून वरण, उसळ, दूध यांच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घेतली तर चढ-उतार कमी होतात.

आणि माणसं लागतात. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ किंवा मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी, इथे याच अनुभवातून गेलेली कुटुंबं भेटतात. जुगाराची, संशयाची, अंथरुणातली गोष्ट जी नातेवाइकांना सांगता येत नाही, ती तिथे सांगता येते.

गाडी चालवली तर चालेल?

प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोलने काहींना पूर्वसूचना न देता झोप लागते. १९९९ मध्ये गाडी चालवताना असे झोपलेले रुग्ण नोंदले गेले. नवी गोळी किंवा नवा डोस असेल तेव्हा स्कूटरही नको. बोलता बोलता, जेवता जेवता डोळा लागत असेल तर किल्ली घरच्यांकडे द्या.

घरी काय करता येईल?

संध्याकाळी थोडं चालणं, पोटऱ्यांना ताण देणं, पाय चेपून घेणं, गरम पाण्यात पाय सोडून बसणं. दुपारनंतरचा चहा-कॉफी कमी करून बघा, दारू टाळा. सौम्य त्रासात एवढ्यावर भागतं. तीव्र त्रासात भागत नाही, आणि "रोज चालत नाहीस म्हणून होतं" असं रुग्णाला ऐकवू नका.

तातडीने कधी धावायचं?

मरणाचे विचार बोलून दाखवले, गोळी थांबवल्यावर ताप आणि अंग कडक झालं, भास होऊन माणूस आक्रमक झाला, किंवा नव्या गोळीनंतर एक मिनिटही बसवेना, तर सकाळची वाट बघू नका. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पण जीव धोक्यात असेल तर आधी हॉस्पिटल गाठा.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं? आणि हा दुष्परिणाम कुठे कळवता येतो?

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. अ‍ॅसिडिटीची, सर्दीची, वैद्यांची, जिममधली पावडर, सगळं. वर सांगितलेली वही न्या. फेरिटिनचा रिपोर्ट न्या. हव्यासाबद्दल रुग्णासमोर बोलायचा संकोच वाटत असेल तर चिठ्ठी लिहून आधी आत पाठवा.

दुष्परिणाम कळवायला डॉक्टर असावं लागत नाही. भारतीय औषधकोश आयोगाच्या औषध-सतर्कता कार्यक्रमाचा मोफत नंबर आहे १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी चालू असतो. फोन करताना स्ट्रिप हाताशी ठेवा, कारण औषधाचं मूळ नाव, बॅच नंबर, गोळी कधी सुरू झाली, त्रास कधी सुरू झाला आणि बरोबर आणखी कोणत्या गोळ्या होत्या, हे विचारतात. त्यासाठी रिकामी झालेली स्ट्रिपही लगेच फेकू नका.